ल मॉर्नच्या किनाऱ्यावरून सुधाकरास

ल मॉर्न, मॉरिशस
३० ऑगस्ट २०२५

प्रिय सुधाकर यास,
सप्रेम नमस्कार.

उद्या तुमच्याकडे गौरी येतील, घर पाहुण्यांनी भरलेले असेल आणि हे पत्र हाती पडेपर्यंत गुहागरच्या किनाऱ्यावर विसर्जनही होऊन गेलेले असेल, हे मला ठाऊक आहे. तरीही आजच लिहायला बसलो, कारण उद्या सकाळी आम्ही येथून निघणार आहोत आणि एक काम तुझ्यावर सोपवायचे आहे. ते शेवटी सांगतो.

आमच्या लग्नाला पस्तीस वर्षे झाली म्हणून मुलाने आम्हा दोघांना येथे आठ रात्रींसाठी पाठवले. त्याला आरक्षण नेमके याच आठवड्यात मिळाले. यंदा गणपतीची पाळी धाकट्या भावाकडे होती, तरीही आयुष्यात प्रथमच चतुर्थीला घराबाहेर राहायचे म्हणून निघताना माझे मन जड होते. तुझी वहिनी मात्र म्हणाली, मुलाने इतक्या हौसेने केले आहे, मोडता घालू नये. मुंबईहून सहा-साडेसहा तासांत विमान पोहोचते. येथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे.

हे रिसॉर्ट ल मॉर्न नावाच्या द्वीपकल्पावर, बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला आहे. आमच्या खोलीच्या मागे ५५६ मीटर उंचीचा काळा कातळी डोंगर सरळ भिंतीसारखा उभा आहे, आणि पुढचे सरकते दार उघडले की ओटी, ओटीखाली हिरवळ आणि पंचवीस पावलांवर पाणी. चौकात बसण्यासाठी बांधलेल्या मोठ्या मांडवाचे छप्पर जवळून पाहिले तेव्हा मी चकित झालो. ते उसाच्या पाचटाने शाकारलेले होते. आपल्याकडे जसा गवताने गोठा शाकारतात तसेच, पेंढी पेंढी करून, दोरीने आवळून. सुखसोयींचे वर्णन करीत बसत नाही. खोली प्रशस्त होती, जेवण भरपूर होते, बिछाना असा होता की पहिल्या रात्री मला झोपच लागली नाही, आणि माणसे अतिशय अदबशीर होती.

समुद्राबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवे, कारण तू आणि मी ज्या समुद्राच्या काठी वाढलो त्याच्याशी याचे काहीच जुळत नाही. या बेटाभोवती जवळजवळ सर्व बाजूंनी प्रवाळाचा बांध आहे. लाट तेथे, दूरवर फुटते. किनाऱ्यावरून ती एक पांढरी रेघ दिसते आणि रात्री तिचा एकसुरी घुमार ऐकू येतो. बांधाच्या आतले पाणी तळ्यासारखे शांत, कमरेइतके, आणि इतके नितळ की पायाची नखे दिसतात. भरती-ओहोटीचा फरकही थोडा. आपल्याकडे ओहोटीला समुद्र केवढा मागे सरकतो, तसे येथे काही घडत नाही. वाळू म्हणजे प्रवाळाचाच चुरा. पाण्यात जाताना रबरी बूट घालायला सांगतात, कारण तळाशी प्रवाळाचे धारदार तुकडे आणि काटेरी समुद्री साळी असतात. किनाऱ्यावर सुरूची झाडे आहेत, आपल्या सुरूबनासारखीच, आणि वारा सुटला की त्यांचा तोच सुसकारा. फक्त दुपारी उभे राहिलो तेव्हा माझी सावली दक्षिणेकडे लांबलेली पाहून मी क्षणभर गोंधळलो. सूर्य उत्तरेला होता. विषुववृत्त ओलांडल्याची खूण मला तेवढी एकच पटली.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, शेजारच्या सुरूबनात गाड्या येऊन थांबू लागल्या. पातेली, चटया, मुले, आजीबाई, सगळा गोतावळा घेऊन लोक सावलीत बसले आणि दुपारनंतर ‘रवान’ नावाच्या, बकऱ्याचे कातडे ताणलेल्या पसरट वाद्यावर त्यांचा सेगा, म्हणजे येथले लोकगाणे-नाच, सुरू झाला. पोरे खेळत खेळत थेट आमच्या ओटीसमोरच्या वाळूत आली. रिसॉर्टचा पहारेकरी उभा होता, पण त्याने कोणाला हटकले नाही. चौकशी केल्यावर कळले की येथे भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू सर्वांची असते. किनाऱ्यालगतचा पट्टाही फ्रेंच अमदानीपासून सरकारी राखीव असून हॉटेले तो केवळ भाडेपट्ट्याने वापरतात. कितीही मोठे भाडे भरले तरी समुद्र विकत मिळत नाही, ही या देशाची रीत मला फार आवडली. आपल्या किनाऱ्यांवर कुंपणे कशी पुढे सरकत आहेत ते तू रोज पाहतोस, म्हणून मुद्दाम लिहिले.

मागच्या त्या डोंगराची कथा ऐकल्यापासून तो मला नुसता देखावा वाटेनासा झाला आहे. उसाच्या मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या माथ्यावर आणि गुहांत लपून राहत. लोकांत असे सांगतात की १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली, ती बातमी सांगायला शिपाई वर चढू लागले, तेव्हा पकडायलाच येत आहेत असे समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या घेतल्या. २००८ साली युनेस्कोने हा डोंगर जागतिक वारसा म्हणून नोंदवला.

गुलाम सुटले, पण ऊस तसाच उभा होता, आणि तो तोडायला माणसे आपल्याकडून आणली गेली. सोमवारी आम्ही राजधानी पोर्ट लुईला आप्रवासी घाट, म्हणजे हे मजूर जेथे उतरत तो धक्का, पाहून आलो. नोव्हेंबर १८३४ मध्ये ‘अ‍ॅटलस’ जहाजातून छत्तीस मजूर आले, आणि पुढच्या सुमारे ऐंशी-नव्वद वर्षांत जवळजवळ पाच लाख माणसे करारावर या बेटावर उतरली. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणेच मुंबई बंदरातूनही जहाजे सुटत, आणि त्यांत आपल्या रत्नागिरीची कुळे होती. धक्क्यावरून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या मोजक्याच आहेत. तुझी वहिनी शेवटच्या पायरीवर बराच वेळ हात टेकून बसली. मी तिला उठ म्हटले नाही. परतीच्या वाटेवर उसाच्या शेतांच्या मधोमध काळ्या धोंड्यांचे मोठमोठे ढीग दिसत होते. हे बेट ज्वालामुखीचे, जमीन धोंड्यांनी भरलेली. ऊस लावण्याआधी तो एकेक धोंडा मजुरांनी हातांनी वेचून रचलेला आहे. दगड अगदी सह्याद्रीचाच, काळा कुळकुळीत.

आता ज्या बाईंसाठी हे पत्र लिहितो आहे त्यांच्याकडे येतो. आमची खोली आवरायला येणाऱ्या बाई पंचेचाळिशीच्या असतील. पहिले दोन दिवस त्या मला ‘मिस्ये’ म्हणत होत्या, म्हणजे साहेब. मंगळवारी सकाळी मी बायकोला हाक मारून म्हणालो, “अगं, चष्मा कुठे ठेवलास?” आणि बाईंच्या हातातली अर्धवट घडी घातलेली चादर तशीच थांबली. त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि एकेक शब्द जुळवून म्हणाल्या, “तुम्ही मराठी? मी पण मराठी.” सुधाकर, त्यानंतर थोडा वेळ आम्हा तिघांपैकी कोणालाच काही बोलता येईना.

त्यांच्या घरी आता क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली येथली बोली, बोलतात. मराठी त्या शाळेत शिकल्या. येथील सरकारी प्राथमिक शाळांत मराठी हा विषय आहे. त्याआधीची थोडी मराठी आजीच्या आरत्यांतून आलेली. पणजोबांचा कागद त्यांनी मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दफ्तरातून शोधून काढला आहे: त्यावर एक क्रमांक, जहाजाचे नाव आणि गावाच्या जागी इंग्रज कारकुनाने कानाला लागेल तसे लिहिलेले एक नाव, जे त्यांनाही लागत नाही आणि मलाही लागले नाही.

या देशात गणेशोत्सवाची राष्ट्रीय सुट्टी असते, आणि ती चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे विसर्जनाला. गुरुवारी त्यांनी आम्हाला आपल्या गावी, कास्काव्हेलला, बोलावले. देव्हाऱ्यापुढे गुडघे टेकले तेव्हा चतुर्थीला घर सोडल्याची माझ्या मनातली बोच गेली. आरती आपलीच, चालही जवळजवळ आपलीच. उच्चार थोडे गोल झालेले. पानात मोदक होते आणि शेजारी दाल-पुरी, म्हणजे वाटलेल्या पिवळ्या डाळीचे सारण भरलेली, पुरणपोळीइतकीच मऊ, पण गुळाविना. आणि मग अंगणात पुरुषांनी पायांत चाळ बांधले, मध्ये ढोलकीवाला बसला आणि भोवती फेर धरला. ते त्याला ‘झाकरी’ म्हणतात. पहिली दोन पावले पडताच मी ओळखले: ही आपली जाखडी. तू ज्या बाल्यांच्या फेरात तीस वर्षे नाचलास, तोच फेर, तोच झुकून वळायचा डौल. मला डोळे आवरता आले नाहीत आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

आता काम. त्यांच्या आजीच्या गाण्यांपैकी एकाचे त्यांना फक्त एक कडवे येते, आणि त्यातले तीन-चार शब्द गावात कोणालाच कळत नाहीत. ते मी त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेऊन, कानाला आले तसे, वेगळ्या कागदावर उतरवले आहे आणि पणजोबांच्या कागदावरचे ते गावाचे नावही त्याखाली लिहिले आहे. दोन्ही सोबत जोडतो. तू ते तुमच्या वाडीतल्या जुन्या शाहिरांना म्हणून दाखव, वरच्या वाडीतल्या तुरेवाल्यांना, म्हणजे तुरा पंथाच्या शाहिरांनाही विचार. पुढची कडवी कोणाला येत असतील तर ती त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून मला पाठव. बाईंचा पत्ता माझ्याकडे आहे. गावाचे नाव कोणाला ओळखू आले तर फोन कर, रात्र असली तरी चालेल.

घरी सर्वांना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद सांग.

तुझा,
मोहन