परदेशी तालमीला निघताना वाद्याची तयारी

महोदय,

युवा वाद्यवृंदाबरोबर परदेशात आठ-पंधरा दिवस तालमीला राहायचे ठरले की जळगाव-धुळ्याच्या घरांत पासपोर्ट, व्हिसा आणि लाडू-चिवड्याचे डबे यांचीच धावपळ असते. वाद्य आठवते आदल्या रात्री. मग तिकडे पोचल्यावर तालमीचे पहिले दिवस दुरुस्तीत जातात.

सगळ्यात आधी यजमानांना लेखी विचारा: तुमचा ‘ए’, म्हणजे सगळी वाद्ये ज्याला जुळवतात तो सूर, किती हर्ट्झचा (सेकंदाला किती कंपनांचा)? आपल्याकडे सहसा ४४० धरतात, युरोपात अनेक वाद्यवृंद ४४२ किंवा ४४३ लावतात. व्हायोलिनवादक खुंटी पिळून जमवून घेतो, तबलजी हातोडीने. पेटीला ते जमत नाही. ४४० ची पेटी ४४२ च्या व्हायोलिनशेजारी वाजली की लांबवलेल्या ‘ए’ला सेकंदाला दोन हेलकावे स्पष्ट ऐकू येतात. रीड (पेटीतली आवाज देणारी धातूची पट्टी) टोकाकडे घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. पण साडेतीन सप्तकांच्या डबल रीड (प्रत्येक पट्टीला दोन रीड) पेटीत ८४ रीड असतात. हे काम महिनाभर आधी आणि मुरलेल्या कारागिराकडेच द्यावे.

विमानात बसण्याआधी व्हायोलिनच्या तारा पूर्ण सैल करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो घातक आहे. आतला साउंडपोस्ट (वरच्या-खालच्या फळ्यांमधली लाकडी काडी) सरसाने चिकटवलेला नसतो, नुसत्या दाबावर उभा असतो. तारा सुटल्या की घोडी (तारा पेलणारा लाकडी ब्रिज) आडवी होते आणि साउंडपोस्टही पडू शकतो. अर्धा, फार तर एक स्वर उतरवा, तेवढे पुरे. खरा शत्रू आपल्याकडचे ऊन. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या व्हायोलिनचा सरस मऊ पडून कडेचा सांधा उघडतो.

व्हायोलिनची केस सुमारे ८० सेंमी लांब असते आणि केबिनची मर्यादा बहुधा ५५ सेंमी. म्हणून विमान कंपनीची परवानगी लेखी घेऊन छापील प्रत हाताशी ठेवा. चेलोला वेगळी सीट लागते. तबल्याची हातोडी चेक-इन सामानात टाका. जुन्या वाद्यावर पांढरा तुकडा असेल तर तो हाडाचा की हस्तिदंताचा, हे कारागिराकडून लिहून घ्या. हस्तिदंत असेल तर ते वाद्य घरीच राहू द्या. निघताना विमानतळावर कस्टमकडून वाद्याचे निर्यात प्रमाणपत्र, फोटो आणि क्रमांकासह, जरूर घ्या. परतताना शुल्काचा प्रश्न येत नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात: अल्पवयीनाच्या पासपोर्टला आई-वडील दोघांची संमती लागते. शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. त्यासाठी प्रवासी वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा हवा. ना-नफा संस्थेने भरवलेल्या सांस्कृतिक कार्यक्रमाला ना-नफा संस्थेचे प्रतिनिधी म्हणून जाणाऱ्या २५ वर्षांपर्यंतच्या मुलांना शेंगेन व्हिसा शुल्क माफ आहे. हे पालकांना कोणी सांगतच नाही, म्हणून मुद्दाम लिहीत आहोत.

पोचल्यावर केस लगेच उघडू नका. खोलीच्या हवेत दोन-तीन तास बंदच राहू द्या, मग सूर लावा. तारांचा एक जादा संच आणि तबल्याची एक जादा पुडी (वरचे कातडे) सामानात असू द्या.

— व्हायोलिन, तबला व पेटीचे शिक्षक, जळगाव