बाई, पुढचं पुस्तक कुठलं?

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

तुम्ही वाचनालयातून निवृत्त झालात, हे गेल्या महिन्यात आईकडून कळलं. निरोपाला शाल-श्रीफळ झालं असेल, भाषणंही झाली असतील. त्यांत ‘वाचनसंस्कृती’ चार-पाचदा आली असणार आणि तुम्ही तेवढा वेळ चष्मा पुसत बसला असणार. मी त्या वाटेला जात नाही. माझे आभार एवढ्याचसाठी, की हातातलं पुस्तक संपलं की पुढचं कसं हुडकायचं, हे मी तुमच्या टेबलापाशी शिकले.

आपलं वाचनालय सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातलं, ‘ब’ वर्गाचं. एका वेळी एक पुस्तक, एक मासिक. सगळ्यांना खाकी कव्हरं, पाठीवर शाईनं नाव आणि क्रमांक. कपाटापुढे तासभर उभं राहिलं तरी काही उमगायचं नाही. मी पुस्तक परत केलं की तुम्ही विचारायचात, “कुठे थांबलीस?” आवडलं का, असं कधी विचारलं नाहीत. मी सांगायची, म्हातारा गाव सोडून निघतो तिथे दोनदा वाचलं. किंवा, चाळिसाव्या पानापुढे सरकेना. “मग ठेव की. कंटाळत संपवलंस म्हणून कोण बक्षीस देणारे तुला?” असं म्हणून तुम्ही उठायचात आणि कुठल्या तरी भलत्याच कपाटातून काहीतरी आणून पुढ्यात ठेवायचात. गाव सोडणाऱ्या म्हाताऱ्यानंतर मला कादंबरी मिळाली नाही, धरणग्रस्तांवरचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. सातवी-आठवीतल्या पोरीला! पण वाचलं.

अनुवादकाचं नाव बघायची सवय तुमचीच. तुमचं माहेर विजापूरकडचं, कन्नड वाचणाऱ्या तुम्ही. “लेखक सापडला नाही तर अनुवादकाचा माग काढ,” म्हणालात आणि उमा कुलकर्णींचं नाव कागदावर लिहून दिलंत. त्या एका नावामागून गेले आणि भैरप्पा, शिवराम कारंत, पूर्णचंद्र तेजस्वी असे तिघे तीन तऱ्हेचे कन्नड लेखक मराठीतच भेटले. आजही दुकानात पुस्तक हातात घेतलं की मी आधी आतलं ते बारीक अक्षरातलं पान उघडते. विक्रेता संशयानं बघतो, बघू दे.

दिवाळीनंतरचे महिने तर आपले खासच. वेगळी वर्गणी भरून अंक न्यायचे, आणि माझ्या आधी बँकेतल्या साहेबांचा नंबर असायचा. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकानं दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचकाला वर्षातून एकदा हे ताट वाढून मिळतंय, असं तुम्ही म्हणायचात. आवडलेल्या कथेच्या लेखकाचं नाव वहीत उतरवायचं आणि वर्षभर त्याची पुस्तकं मागत सुटायचं, ही तुमची युक्ती. त्या वहीतली कितीतरी नावं पुढे कुठेच दिसली नाहीत. एकेक सुरेख कथा लिहून माणसं गेली कुठे, कोण जाणे.

पण सगळ्यात मोठं ऋण आहे ते कोऱ्या कागदाच्या पुस्तकांचं. पुस्तकाच्या शेवटी तारखांच्या शिक्क्यांचा कागद असतो ना, तो तुम्ही मला वाचायला शिकवलात. शिक्के दाटीवाटीनं असले तर पुस्तक धावतंय. वर्षाकाठी एखादाच असला तर गावात कुणीतरी एकच माणूस ते पुन्हा पुन्हा नेतोय. आणि कागद कोरा असला की तुम्ही ते पुस्तक दोन बोटांनी माझ्याकडे सरकवायचात. “ह्याला अजून कुणी विचारलं नाही. तू बघ.” पुढे कॉलेजात ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची ग्रंथालयाबद्दलची १९३१ सालची पाच सूत्रं कळली. ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ हे सगळ्यांना पटतं; त्याच्या पुढचंच ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हे वाचलं तेव्हा मला तुमची ती दोन बोटं आठवली. त्या कोऱ्यांतली निम्मी खरोखर कोरी राहण्याच्याच लायकीची होती, हेही सांगून टाकते. उरलेली अजून माझ्याजवळ आहेत. नंतर पुण्यात अप्पा बळवंत चौकात आणि जुन्या पुस्तकांच्या ढिगांतून शोधून विकत घेतली.

आता फोनवर पुस्तक मागवलं की खाली यादी येते, ज्यांनी हे घेतलं त्यांनी हेही घेतलं. उपयोगी आहे, मीही बघते. पण ज्याला कुणीच घेतलं नाही ते त्या यादीत येणार कुठून?

दिवाळीत गावी येतेय. येताना तीन अंक आणते. त्यांतल्या एकातली दीर्घकथा मला फार आवडली आहे आणि तुम्हाला मुळीच आवडणार नाही, अशी खात्री आहे. चहा घेऊन त्यावर भांडू. आणि कपाटांच्या किल्ल्या आता तुमच्याकडे नाहीत, तर घरी काय वाचायला घेतलंय ते काढून ठेवा.

बाकी भेटीअंती.

आपली,
एक जुनी सभासद