विषय: दूध संकलन ॲपमधून पुसल्या गेलेल्या सहा वेळच्या नोंदी

प्रति,
व्यवस्थापक,

आज सकाळी तुमच्या ग्राहक सेवेतून मला सांगण्यात आलं, "डेटा तुम्हीच क्लिअर केलात, कंपनी जबाबदार नाही." त्यामुळे यापुढे फोन करणार नाही, लेखीच बोलू.

मी पन्हाळ्याच्या डोंगरातल्या एका दूध संस्थेचा सचिव आहे. उत्पादक 62. तुमच्या माणसाने संस्थेत बसून सांगितलं होतं की वही बंद करा, रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये राहते आणि नेट आलं की वर जाते. त्या शब्दावर आम्ही वही बंद केली.

31 ऑगस्ट 2025 पासून गुगल प्लेवर अपडेट द्यायचं तर अँड्रॉइड 15 टार्गेट करणं, म्हणजे ॲप त्या आवृत्तीच्या नियमांनुसार बनवणं, सक्तीचं झालं. त्या मुदतीसाठी तुम्ही घाईत अपडेट काढलंत. हे टार्गेट धरलं की अँड्रॉइड 15 च्या फोनवर ॲप खालच्या बटणांच्या पट्टीमागेही पसरतं, म्हणून तिथे जागा सोडावी लागते. तुम्ही सोडली नाहीत. 'जतन करा' बटण पट्टीखाली गेलं. वरची कड दिसत होती, तिच्यावर बोट टेकवून मी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) भरले. पावसामुळे नेट बंद होतं, फोन तेवढा लागत होता.

मी ग्राहक सेवेला फोन लावला. तिथल्या मुलाने बटणाचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, सेटिंगमध्ये जाऊन 'क्लिअर डेटा' दाबा. मी म्हणालो, तीन दिवसांच्या नोंदी अजून वर गेलेल्या नाहीत. तो म्हणाला, डेटा सर्व्हरवर असतो. मी पुन्हा विचारलं, नेटच नाही तर सर्व्हरवर कसा असेल? "सर, तुम्ही दाबा, मी लाइनवर आहे." मी दाबलं. ॲप उघडलं, आत एकही नोंद नाही. बटण होतं तिथेच, पट्टीखाली. तो म्हणाला, "थांबा हं," आणि फोन कट झाला. मी दोनदा विचारलं होतं. आता तुम्ही म्हणता, तुम्हीच क्लिअर केलंत.

डेटा पुसल्याने पडद्याच्या मांडणीतली चूक दुरुस्त होते का? हे तुमच्या डेव्हलपरला विचारा.

"हायब्रीड ॲपमध्ये असं होतं," हेही ऐकवलं गेलं. हायब्रीड म्हणजे वेब तंत्रावर बनवलेलं मोबाइल ॲप. त्यासाठीचं फोनगॅप हे साधन 2008 मध्ये आलं, तेव्हापासून लोक अशी ॲप बनवत आले आहेत. तुम्ही त्याच प्रकारची आयोनिक आणि कपॅसिटर ही फ्रेमवर्क वापरता. कपॅसिटरच्याच माहितीपत्रात लिहिलंय की लोकल स्टोरेज (वेब ॲपची फोनमधली साठवण) तात्पुरतं समजा, फोनमधली जागा कमी पडली की सिस्टीम ते काढून घेऊ शकते. फोनमध्येच टिकाऊ डेटाबेस ठेवणाऱ्या एसक्यूलाइटची प्लगइन (जोडायचे तयार भाग) आहेत. तरी तुम्ही शेतकऱ्यांचं दूध लोकल स्टोरेजमध्ये ठेवलंत, हे माझ्या पुतण्याने तपासून सांगितलं. दोष फ्रेमवर्कचा नाही. वर न गेलेल्या नोंदींची दुसरी प्रत कुठेच नव्हती, आणि ते ठाऊक असायला हवं अशा माणसाने मला 'क्लिअर डेटा' दाबायला लावलं.

दहा दिवसांचं बिल मागच्या सरासरीवर काढावं लागलं. एका बाईंची म्हैस नुकतीच व्यालेली. चीक संपून त्याच तीन दिवसांत त्यांनी दूध घालायला सुरुवात केली होती, त्यामुळे त्यांची सरासरीच नाही. त्या काउंटरपाशी बोटांवर मोजून लिटर सांगत होत्या आणि माझ्याकडे दाखवायला कागद नव्हता. मी दोनदा विचारलं होतं, हे त्यांना कसं सांगू?

आठ दिवसांत त्या सहा वेळच्या नुकसानीची भरपाई करा, लेखी माफी द्या आणि नोंदी एसक्यूलाइटमध्ये ठेवणारं अपडेट द्या. ते जमत नसेल तर सोर्स कोड (ॲपचा मूळ प्रोग्राम) आणि साइनिंग की (अपडेटवर सही करायची डिजिटल किल्ली) द्या आणि प्लेवरचं ॲप संस्थेच्या खात्यावर ट्रान्सफर करा. ॲप आमच्या पैशाने बनलंय. नाहीतर नवव्या दिवशी वकिलाची नोटीस येईल. तालुक्यातल्या ज्या चार संस्थांना मी स्वतः तुमचं नाव सुचवलं, त्यांनाही हे पत्र वाचायला देणार आहे.

कालपासून वही पुन्हा सुरू केली आहे.

सचिव