तुझ्या केतकीला कुणीतरी भेटव

फोंडा, गोवा

प्रिय शुभा,

तुझी कुमारांसाठीची कादंबरी वाचून काढली. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार झकास उतरलाय. पण त्या गर्दीत तुझी बहिरी नायिका केतकी पलीकडच्या माणसाचे ओठ वाचून कट उघडकीला आणते, तिथं मला हसू आलं. अगं, पार, बार आणि मार हे तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात! ओठ वाचणं म्हणजे निम्मे अंदाजच. वर समोरच्याला भरघोस मिशी असली की संपलंच.

माझं खरं भांडण शेवटाशी आहे. केतकीला ऐकू यावं म्हणून ऑपरेशन करून कानात इम्प्लांट बसतं, ती आजीची हाक ऐकते आणि सगळं मार्गी लागतं. तूच लिहिलेलं चवथीचं प्रकरण परत वाच. गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली घर भरलंय, कुणीतरी विनोद करतं, सगळे हसतात. केतकी ‘काय झालं?’ विचारते आणि मावशी म्हणते, ‘मग सांगते.’ ते ‘मग’ कधी येतच नाही. मीही बहिरी, माझंही बालपण त्यातच गेलं. त्या घरात कुणालाच साइन, म्हणजे हातांनी बोलायची सांकेतिक भाषा, येत नाही, त्यावर ऑपरेशन हा उतारा कसा?

बहुतेक बहिऱ्या मुलांचे आईबाप ऐकणारे असतात. मग आपली भाषा, आपल्या रीतीभाती मिळतात त्या बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलांकडून. सारा नोविच ही स्वतः बहिरी लेखिका. तिच्या ‘ट्रू बिझ’ या कादंबरीतली (२०२२) चार्ली ऐकणाऱ्या घरात वाढलेली, इम्प्लांटही धड न चालणारं. बहिऱ्यांच्या शाळेत तिला ऑस्टिन भेटतो, त्याच्या घरात बहिरेपण पिढ्यान्‌पिढ्यांचं. केतकीला असं कुणीतरी भेटव. जानेवारी २०२३ मध्ये पणजीला पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे अपंग व्यक्तींचा महोत्सव, झाला, तसल्या गर्दीत सोड तिला.

आणि तिचे साइनमधले संवाद तू ‘मी भूक, घर जा’ असे तुटक का छापलेस? भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो, तो तिचा नियम आहे. २०२१ पासून तिचा १०,००० शब्दांचा कोशही आहे, तेव्हा केतकीला शब्दांची वाण नाही. पात्र पोर्तुगीज बोलत असतं तर त्याचं बोलणं सरळ मराठीत लिहिलं असतंस ना? हिलाही चांगली फटकळ मराठी दे.

दुसरा खर्डा लवकर पाठव. आणि पावसाळ्यात वीज गेल्यावर केतकी नि तिची नवी मैत्रीण अंधारात हातांनी बोलणार कशा, तेही ठरव. मी तर मोबाईलचा टॉर्च दातांत धरते.

तुझी,
नंदा