एका चर्मकाराची यादी

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार.

इंग्रजांकडे कातडीकामाचे जुने शब्द कोणते होते, असं तू विचारलं होतंस. फोनवर आटपण्यासारखा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

इ.स. १०००च्या सुमाराची गोष्ट. इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट परगण्यात सर्न नावाचा मठ होता. तिथे एल्फ्रिक हा भिक्षू मुलांना लॅटिन शिकवायचा. मुलांना भाषा बोलता यावी म्हणून त्याने एक संवाद रचला. गुरुजी विचारणार, आणि मुलं कुणी नांगरधरी, कुणी मेंढपाळ, कुणी कोळी होऊन उत्तरं देणार. पुढे कुणीतरी त्या लॅटिन शब्दांच्या डोक्यावर बारीक अक्षरात जुन्या इंग्रजीतले अर्थ लिहून ठेवले. आज आपल्याला हवे असलेले शब्द मिळतात ते त्या बारीक अक्षरातच.

त्या संवादात एक 'शेओव्युर्ख्ता' आहे, म्हणजे जोडे घडवणारा. तुझा आम्हाला काय उपयोग, असं गुरुजी विचारतात. तो म्हणतो, माझी कला तुमच्या फार उपयोगाची आणि गरजेची आहे. कशी? मग तो सांगायला लागतो: मी कातडी विकत घेतो, ती कमावतो आणि त्यांच्यापासून नाना तऱ्हेचं पायताण करतो. हलके जोडे, साधे जोडे, पायांना घालायच्या 'लेदरहोसा', पाणी-दारू भरायचे 'बुटेरिकास', 'ब्रिडेलथ्वांगास' म्हणजे लगामाच्या वाद्या, घोड्याचं सामान, टाचेला आर बांधायचे पट्टे, 'हेल्फ्ट्रा' म्हणजे जनावरांची दावी, पिशव्या, बटवे. शेवटी तो ठणकावतो की माझ्या कलेशिवाय तुमच्यातला एकही जण हिवाळा काढू धजणार नाही!

ही यादी मी किती वेळा वाचली असेन. पाण्याचं भांडं, घोडा, पैसे, पाय, सगळं या एका माणसाच्या हातातून जातंय. आपल्याकडे मोट, पखाल, बुधला, आसूड, वादी हे सगळं एकाच कामात मोडायचं, तसंच. लेदर हा शब्द हजार वर्षांत जवळपास होता तसाच राहिला. लगाम, वादी आणि दावं यांचे आजचे इंग्रजी शब्दही त्याच घराण्यातले. बुटेरिक मात्र गेला. कातडी बाटल्या गेल्या आणि त्यांचं नावही गेलं.

पुढे १०६६मध्ये फ्रान्सच्या उत्तरेकडचे नॉर्मन इंग्लंड जिंकून आले आणि फ्रेंच शब्दांचा लोंढा आला. स्पेनमधल्या कोर्दोबा शहराचं बकऱ्याचं कातडं युरोपभर नावाजलेलं होतं. त्यावरून जोडे करणाऱ्याला 'कॉर्डवेनर' म्हणू लागले. नवे जोडे करायचे ते कॉर्डवेनरने, जुने दुरुस्त करायचे ते कॉब्लरने. एकाने दुसऱ्याच्या कामात हात घातला की लंडनमध्ये तंटे उभे राहायचे. मीठ-तुरटीने पांढरं मऊ कातडं करणारा 'व्हिटॉअर' वेगळा. शेक्सपियरचे वडील जॉन हेच काम करायचे आणि हातमोजे शिवायचे. आपण रोज उच्चारतो तो 'बजेट' शब्दही मुळात फ्रेंचांच्या छोट्या कातडी पिशवीचं नाव.

आडनावं तर विचारूच नकोस. स्किनर, टॅनर, ग्लोव्हर, सॅडलर. 'बार्कर' कुठून आलं ठाऊक आहे? झाडाच्या सालीवरून. तिकडे कातडं कमावायला ओकची साल वापरत. आधी चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे, खरवडायचं, मग खड्ड्यात एक थर कातड्याचा, एक थर कुटलेल्या सालीचा असं रचून वर पाणी सोडायचं. तळव्याचं जाड कातडं वर्षभर मुरायचं. डेव्हनमध्ये कॉलिटन गावी अजून असंच काम चालतं. मऊ कातड्यासाठी कुत्र्याची विष्ठाही लागायची, आणि एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवरून ती गोळा करून तिथल्याच बर्मंडसी भागातल्या कातडी कारखान्यांना विकणारी गरीब माणसं होती.

आणि विलास, हे वाचून तुला माझ्याइतकाच आनंद होईल: त्या काळात कातडं कमावण्यासाठी आपला हिरडा जहाजांनी तिकडे जायचा. विलायतेतले व्यापारी हिरड्याच्या एका प्रतीला 'विंगोर्ला' म्हणत. आपलं वेंगुर्ला! तुमच्याकडे बाभळीच्या सालीबरोबर जो हिरडा वापरतात, तोच.

एक गोष्ट मात्र मनात सलते. दुर्गंधीमुळे तिकडेही हे कारखाने वस्तीच्या कडेला, नदीपलीकडे असत. पण कॉर्डवेनरांच्या संघाला १४३९ साली राजाची सनद मिळाली, शहराच्या कारभारात त्यांना मान होता. आपण मात्र हेच काम करणाऱ्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांच्या हातचे जोडे घालून मिरवलो आणि त्यांचं बोलणं कुठे लिहून ठेवायचं आपल्याला सुचलं नाही. एल्फ्रिकच्या वर्गातल्या चर्मकाराला निदान बोलायला मिळालं. त्याचे शब्द आज आपल्या हाती आहेत, ते कुणीतरी ते लिहून ठेवले म्हणूनच.

म्हणून तुझ्याकडे एक मागणं आहे. आबा ज्या शब्दांत काम करतात ते लिहून घे. कोल्हापुरीचे कान, वेणी, अंगठा हे मला ठाऊक आहेत, रापी आणि आरीही. पण कातड्याच्या कुठल्या भागाला काय म्हणतात, खड्ड्यातून कातडं कधी काढायचं ते कशावरून ओळखायचं, बिघडलेल्या कातड्याला काय नाव आहे, मोट शिवताना कोणता टाका घालायचे, हे सगळं आबांच्याच तोंडून यायला हवं. फोनवर ध्वनिमुद्रण केलंस तरी चालेल, उतरवून घ्यायचं काम मी करतो. दिवाळीनंतर मी येतोच आहे, पण तोवर थांबू नकोस. याच आठवड्यात त्यांच्याजवळ बस.

आबांना आणि काकूंना माझा नमस्कार सांग. वहिनींना नमस्कार, लहानग्यांना गोड पापा.

तुझा,
अनिरुद्ध