पुन्हा विचारणार नव्हतो

फ्रीमाँट,
रविवार रात्र

चि. ईशान,
अनेक आशीर्वाद.

मराठीत लिहितोय, कारण इंग्रजीत लिहायला घेतलं की माझं पत्र ऑफिसच्या मेलसारखं होतं. अक्षर लागलं नाही तर रेवाताईला विचार. आजीला फोनवर वाचून दाखवू नकोस.

आधी एक सांगून टाकतो. त्या रात्री जेवताना, तू दंड वाढवायला स्टेरॉइड वगैरे घेतोस का, असं जे विचारलं, ते या पत्रात पुन्हा विचारणार नाही. तू नाही म्हणालास, भरलं ताट ठेवून उठलास, तिकीट बदलून दोन दिवस आधी निघालास. विमानतळावर मी डिकी उघडायच्या आत तू बॅग काढून घेतलीस. एवढं मला कळतं. आई अजून माझ्याशी मोजकंच बोलते. तुझ्या वाटणीचं पिठलं तिने दुसऱ्या दिवशी मलाच वाढलं, गरम न करता.

पण तो प्रश्न माझ्या डोक्यात आला कुठून, हे तुला सांगितलेलं नाही. ऑक्टोबरात तुमच्या बेसबॉलच्या सरावाच्या सामन्याला आम्ही आलो होतो, तू उजवीकडच्या कुंपणावरून चेंडू थेट पार्किंगमध्ये घातलास, त्या दिवशीची गोष्ट. माझ्या मागे बसलेला एकजण बायकोला हसत म्हणाला, "हा पोरगा घेतो काय?" तोही कुणाचा तरी बापच असणार. मला वळून सांगता आलं असतं, की तो माझा मुलगा आहे आणि पहाटे पाचला उठतो. मी वळलो नाही. हातातलं खात राहिलो. आणि त्या परक्या माणसाचा प्रश्न अडीच महिने खिशात घेऊन फिरलो आणि तुझ्या ताटात टाकला. याची मला लाज वाटते, ईशान.

तेव्हापासून एकच चाललंय डोक्यात. हाच माणूस अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याला गेला असता तर असं बोलला असता का? तिथे तीनशे पौंडांची माणसं घोड्यासारखी पळतात आणि कुणाला काही खटकत नाही. २००६ साली सॅन दिएगोच्या शॉन मेरिमनवर स्टेरॉइडसाठी चार सामन्यांची बंदी आली, आणि त्याच हंगामात सर्वाधिक सॅक, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला आडवं करणं, त्याचे, निवडक खेळाडूंच्या प्रो बोल सामन्यातही तोच. माझ्या ऑफिसातल्या फुटबॉलवेड्यांना आज ती बंदी आठवतसुद्धा नाही. बेसबॉलवाल्याचे मात्र बाहीतून दंड दिसले, की कुठेतरी पाणी मुरतंय.

मी या देशात आलो तो १९९८ चा उन्हाळा. सनीवेलच्या गेस्ट हाउसात आम्ही सहाजण, टीव्ही एक, आणि त्यावर एका हंगामात सर्वाधिक होमरन, म्हणजे थेट कुंपणापलीकडचे फटके, मारायची मॅग्वायर आणि सोसाची शर्यत. बेसबॉल कळत नव्हतं, पण कोल्हापूरच्या माणसाला दंड कळतात. मी आप्पांना फोनवर सांगितलं, इथे एक पैलवान चेंडू मारतोय. आप्पांचा पहिला प्रश्न काय असावा? "खुराक काय त्याचा?" त्यांच्या तालमीत हा प्रश्न कौतुकाचा. दूध, बदाम, अळणी रस्सा, आणि पोरगं अंग धरायला लागलं की अख्ख्या गल्लीची पाठीवर थाप. त्याच ऑगस्टमध्ये एका वार्ताहराला मॅग्वायरच्या लॉकरमध्ये अँड्रोची, म्हणजे टेस्टोस्टेरॉन वाढवायच्या गोळ्यांची, बाटली दिसली. दुकानात उघड मिळायची ती. फुटबॉलमध्ये आणि ऑलिंपिकमध्ये बंदी होती, बेसबॉलमध्ये नव्हती. तेव्हा लोक त्या वार्ताहरावरच उखडले. मॅग्वायरने सत्तर होमरन मारले आणि स्टेरॉइड घेतल्याचं कबूल केलं ते २०१० मध्ये. आप्पांचा प्रश्न बरोबर होता म्हणायचा.

मला वाटतं, त्या उन्हाळ्याचं बिल तुम्हा पोरांच्या नावावर फाटतंय. बेसबॉलवाल्यांना आकडे तोंडपाठ असतात, आपल्याला तेंडुलकरची शंभर शतकं असतात तसे. मॅरिसचे एका हंगामातले ६१ होमरन ३७ वर्षं टिकले, आणि मग १९९८ ते २००१ या चार हंगामांत ते सहा वेळा मागे पडले. दोनदा मॅग्वायर, तीनदा सोसा, एकदा आपल्या सॅन फ्रान्सिस्कोचा बॉन्ड्स, ७३. ज्याला आपण देवघरातला आकडा समजत होतो तो कुणीही येऊन हलवतोय म्हटल्यावर लोक माणसाच्या अंगाकडे बघायला लागले. त्यात जुने प्रशिक्षक वजनं उचलू द्यायचे नाहीत. अंग जखडतं, बॅट फिरत नाही म्हणायचे. हँक ॲरन १८० पौंडांचा, आणि कारकिर्दीत ७५५ होमरन. त्यामुळे खरा फटकेबाज म्हणजे काटक मनगटांचा, हे चित्र लोकांच्या मनात पक्कं. तुझ्यासारखा कुणी उभा राहिला की ते चित्र बिघडतं.

बरं, ताकदीचा उपयोग होत नाही असंही नाही. टफ्ट्स विद्यापीठातल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने २००८ मध्ये गणित मांडलं होतं: बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूचा वेग चारच टक्क्यांनी वाढला तरी होमरन निम्म्याने वाढू शकतात. कुंपणाच्या अलीकडे पडणारे कितीतरी चेंडू पलीकडे जातात, म्हणून. मी स्वतः कागदावर करून बघितलं, पटलं. म्हणजे थोडंसं काही घेण्याचा मोह किती मोठा असेल, तेही कळलं.

हे शेवटचं वाक्य खोडणार होतो. राहू दे.

ऑफिसला जाताना मी रोज १०१ वरून बर्लिंगेम ओलांडायचो. तिथेच, विमानतळाजवळ, खेळाडूंना स्टेरॉइड पुरवणाऱ्या बाल्को कंपनीची ती साधी कचेरी, जिच्यावर २००३ मध्ये छापा पडला. बॉन्ड्सने ॲरनला मागे टाकणारा ७५६ वा मारला त्या रात्री, ऑगस्ट २००७, तू माझ्या मांडीवर होतास, दात येत होते, तू रडत होतास आणि मी ओरडत होतो. तो चेंडू पुढे कुठल्याशा मतदानाने चांदणीचा छाप मारून, म्हणजे या विक्रमात शंका आहे अशी खूण करून, कूपरस्टाउनच्या बेसबॉल संग्रहालयात ठेवला गेला. आपल्याकडे चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे चांदणं बघणाऱ्याच्या मनात पडलंय, आणि चोर कोण ते अंगावरून ठरतं.

जेफ बॅगवेलचं बघ. तपासणीत कधी सापडला नाही, बेसबॉलमधल्या स्टेरॉइडच्या चौकशीच्या मिचेल अहवालात नाव नाही. गुन्हा काय, तर १९९० मध्ये छोट्या लीगमध्ये चारच होमरन मारणारा पोरगा पुढे दंडाने भरला आणि ४४९ मारून गेला. बेसबॉलच्या थोरांच्या हॉल ऑफ फेमच्या दाराशी थांबला, सातव्या मतदानात, २०१७ ला, आत गेला. बेसबॉलमध्ये तपासणी सुरू झाली २००३ ला, तीही आधी निनावी. फुटबॉलमध्ये ती १९८७ पासून. त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या स्वच्छ माणसाकडे दाखवायला कागदच नाही. 'नाही' म्हणण्यापलीकडे त्याने करायचं काय? तू तेच म्हणालास. मी तरी काय ऐकलं?

आणि गंमत म्हणजे पकडले जातात ते दंडवालेच असतात असंही नाही. २००५ मध्ये नव्या नियमाखाली पहिली बंदी आली ती ॲलेक्स सांचेझवर, पळण्यासाठी ओळखला जाणारा बारकासा गडी. २०१६ मध्ये डी गॉर्डन, आदल्या वर्षी सर्वाधिक बेस चोरणारा, म्हणजे पळून पुढचा टप्पा गाठणारा, काडीसारखा. ऐंशी सामने घरी बसला. त्यांच्याकडे बघून कुणी कुजबुजलं नव्हतं. म्हणजे अंग बघून काही कळत नाही. हे मला सगळं पाठ आहे, आणि तरी डिसेंबरमध्ये तू दारात उभा राहिलास, दार भरून, उन्हाळ्यापेक्षा बावीस पौंडांनी जास्त, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आईला फक्त आनंद झाला. तिने तुझी बेडकी दाबून बघितली आणि म्हणाली, आप्पा हवे होते.

तुझ्या बॅगेतला तो काळा डबा मी पाहिला होता. उघडला नाही, लेबल वाचलं. क्रिएटिनला, त्या ताकदीच्या पावडरला, हरकत नाही, ते मलाही माहीत आहे. पण त्याखाली 'प्रोप्रायटरी ब्लेंड' लिहिलंय, म्हणजे आत काय किती आहे ते सांगायचं नाही. तुमच्या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या, एनसीएएच्या, नियमात पहिल्याच चुकीला पूर्ण वर्ष जातं, आणि डब्यात काय होतं मला माहीत नव्हतं हे ते ऐकत नाहीत. बेसबॉलपटू तातीसने २०२२ मध्ये नायट्याच्या औषधाकडे बोट दाखवलं, तरी ऐंशी सामने गेलेच. म्हणून कुणी मित्राने दिलं म्हणून, जिममधल्या कुणी सांगितलं म्हणून, आधी ट्रेनरला न दाखवता काहीही तोंडात...

बघ, सुरू झालं माझं. माफ कर. तुला हे सगळं शाळेपासून माहीत आहे.

माझी भीती बंदीची नाही. टेक्सासमधल्या प्लेनोचा एक मुलगा होता, सतरा वर्षांचा, तुझ्यासारखाच शाळेच्या संघात. वजन वाढवायला हवं असं त्याच्या मनात भरलं, त्याने इंजेक्शनं घेतली, मग सोडली, आणि २००३ च्या जुलैमध्ये जीव दिला. स्टेरॉइड सोडल्यावर आलेल्या नैराश्यानेच गेला, असं त्याचे आईवडील सांगतात. २००५ मध्ये मॅग्वायर अमेरिकी संसदेच्या ज्या सुनावणीत भूतकाळाबद्दल बोलायला आलो नाही म्हणाला, त्याच दिवशी तिथे हा बापही बोलला होता. मी ते टीव्हीवर बघितलंय. तेव्हा तू जन्मलाही नव्हतास. आणि वसंतमामाच्या वेळी आपल्या घरात सगळ्यांना दिसत होतं आणि एकानेही तोंड उघडून विचारलं नाही. पुढचं तुला माहीत आहे. त्यामुळे मी विचारतो. चुकीच्या वेळी, चुकीच्या सुरात, पण विचारतो.

परवा रात्री मी फोनमध्ये तुझे फोटो वर्षाच्या क्रमाने लावले. १९८६ चा काटक बॉन्ड्स आणि २००१ चा बॉन्ड्स लोक शेजारी शेजारी लावतात, तसेच. हे आईला माहीत नाही. मध्येच गॅरेजमधला फोटो आला. तू सात वर्षांचा, आप्पा स्टुलावर, आणि तू सिमेंटवर जोर मारतोयस. आठवतं? कंबर वाकली की ते तो जोर धरायचे नाहीत. तू पंधरा मारलेस की ते आठ म्हणायचे. तू चिडून रडायचास आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचास. आप्पा गेल्यावरही तू स्वतःचे जोर तसेच मोजायचास, मी दाराआडून ऐकलंय. शेवटी फोटो बघायचे राहूनच गेले.

पहिला सामना चौदा तारखेला ना? आई येणार आहे. मी यावं की नाही ते तू सांग. आलो तर मागे कुणी काही बोललं तर यावेळी वळेन.

तुझा,
बाबा

ता. क. पार्सलमध्ये शेंगदाण्याची चटणी, बदाम आणि खारीक आहे. आजीने तुझ्यासाठी पाठवलेलं खोकल्याचं औषध मी काढून ठेवलंय. पृथ्वी शॉचं आठवत असेल तुला, २०१९, खोकल्याच्या औषधातलं टर्ब्युटालिन, आठ महिने बंदी. आजीला काही सांगितलेलं नाही. तिने विचारलं तर घेतो म्हण.

आणि त्या काळ्या डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव. नुसत्या लेबलाचा. नाही पाठवलास तरी चालेल.