मळ्यातील शेडसाठी सोलर : मित्रास पत्र

मखमलाबाद, नाशिक
५ जानेवारी

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. वाईच्या जागेत अवजारांची शेड उभी राहिली आणि पत्रेही चढले, हे वाचून फार आनंद झाला. आमच्या द्राक्षबागेतील शेडवर मी बसवलेल्या सोलरची सगळी माहिती तू मागितली आहेस, म्हणून आज सवडीने लिहायला बसलो आहे.

पॅनेल किती वॅटचे घेऊ, असे तू विचारले आहेस. पण त्याआधी वही घेऊन बस आणि शेडमध्ये रोज काय, किती तास चालणार आहे ते लिहून काढ. माझा हिशेब असा होता : ९ वॅटचे दोन एलईडी दिवे चार तास, म्हणजे ७२ वॅट-तास, २५ वॅटचा १२ व्होल्टचा पंखा सहा तास, म्हणजे १५०, दोन मोबाइलचे मिळून ३०, आणि पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपाच्या चार्जिंगचे साधारण १२०. एकूण ३७२ वॅट-तास. आपल्याकडे हिवाळ्यात दिवसाला पाच तास पूर्ण उन्हाइतका सूर्यप्रकाश धरता येतो आणि उष्णता, धूळ, वायर, बॅटरी यांत तीस टक्के जातात असे मानले, तर १०६ वॅटचे पॅनेल पुरायला हवे. पण श्रावणात सूर्य चार-चार दिवस दिसत नाही, म्हणून मी १०० वॅटची दोन पॅनेल समांतर जोडली. बॅटरी १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली. तिच्यातील ऐंशी टक्के वापरायचे ठरवले तरी १,०२४ वॅट-तास हाताशी राहतात, म्हणजे अडीच दिवसांहून थोडे अधिक. ट्युब्युलर लेड-ॲसिड बॅटरी खरेदीला स्वस्त पडते हे खरे आहे, परंतु ती निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, शिवाय वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते. तू महिन्यातून दोनदाच वाईला जाणार असशील तर तिच्या वाटेला जाऊ नकोस.

इन्व्हर्टरबाबत माझा आग्रह आहे. दिवे आणि पंखा १२ व्होल्टचेच घे आणि थेट बॅटरीवर चालव. छोटा इन्व्हर्टर काहीही न चालवता नुसता सुरू राहिला तरी दहा वॅटच्या आसपास खातो. दिवसभर सुरू ठेवला तर २४० वॅट-तास, म्हणजे माझ्या एकूण गरजेच्या निम्म्याहून अधिक वीज त्याच्याच पोटात जाईल. फवारणी पंपाच्या चार्जरसाठी मी ३०० वॅटचा एक ठेवला आहे आणि चार्जिंग संपले की तो आठवणीने बंद करतो.

आता वायरविषयी, कारण माझी खरी चूक तिथेच झाली. पॅनेलपासून बॅटरीचे चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलरपर्यंतचे अंतर बारा मीटर होते आणि घरात उरलेली दीड स्क्वेअर एमएमची वायर मी तिथे ओढली. थंडीत सगळे सुरळीत चालले. एप्रिलच्या खरड छाटणीच्या, म्हणजे द्राक्षवेलींच्या उन्हाळी छाटणीच्या, दिवसांत, डोक्यावर रणरणते ऊन असताना, बॅटरी मात्र पूर्ण भरेना. दुकानदाराने सांगितले की बॅटरीच सदोष आहे, दुसरी घ्या. माझे मन मानेना, म्हणून दुपारी एक वाजता मल्टिमीटर घेऊन पत्र्यावर चढलो. पॅनेलच्या टोकाशी १५.९ व्होल्ट होते आणि खाली कंट्रोलरच्या टोकाशी १३.४. अडीच व्होल्ट वायरीतच जिरत होते, आणि हात लावला तर वायर कोमट लागत होती. कारण असे की, १२ व्होल्टचे पॅनेल उत्तम काम करते ते १८ व्होल्टच्या आसपास, पण काच तापून साठ अंशांपर्यंत गेली की तेच साडेपंधरावर येते. त्यातून वायरीने अडीच खाल्ले, तर १४.४ व्होल्टपर्यंत चढायची इच्छा असलेल्या बॅटरीला द्यायला काही उरतच नाही. म्हणून जिथे ऊन जास्त तिथे चार्जिंग कमी, असा उलटा प्रकार मी पाहिला. त्याच आठवड्यात सहा स्क्वेअर एमएमची तांब्याची सोलर केबल टाकली. घट पाऊण व्होल्टवर आली आणि बॅटरी भरू लागली. नवी बॅटरी घ्यावी लागली नाही.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला अगदी चिकटून बसव. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर शेकड्यांनी अँपिअर सोडते आणि वायर क्षणात लाल होते. एमसीबी, म्हणजे वीज जास्त वाहिली की आपोआप पडणारी कळ, घेताना ती डीसीचीच (बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची) आहे ना, हे पाहून घे. एसीची, म्हणजे घरातल्या दिशा बदलत राहणाऱ्या विजेची, ठिणगी प्रत्येक आवर्तनात शून्यावरून जाताना विझते, डीसीची तशी विझत नाही. जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी आणि मग पॅनेल. सोडवताना आधी पॅनेल. वीस अँपिअरचा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर, म्हणजे पॅनेल जवळजवळ थेट बॅटरीला जोडणारा, तुला पुरेल. पुढेमागे मोठे घरगुती पॅनेल लावायचे असेल तर मात्र पॅनेलचे जास्तीचे व्होल्ट बॅटरीला साजेसे करून घेणारा एमपीपीटी कंट्रोलर लागेल.

पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि कल वीस अंशांच्या आसपास ठेव. नाशिक बरोबर वीस अक्षांशावर आहे, तुझे वाई अठरावर, त्यामुळे एक-दोन अंशांनी बिघडत नाही. बिघडते ते सावलीने. डिसेंबरअखेरीस भर दुपारीही झाडाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी उत्तरेकडे पडते. शेडच्या दक्षिणेला तुझा आंबा आहे असे तू लिहिले होतेस. पत्र मिळताच, हे दिवस आहेत तोवर, दुपारी बाराला त्याची सावली कुठवर येते ते चुन्याने आखून घे. पॅनेलमधील सेल मालिकेत, म्हणजे एकामागे एक, जोडलेले असतात, म्हणून एका फांदीच्या सावलीनेही त्या पॅनेलमधील निम्मी वीज जाऊ शकते.

आमच्याकडे आणखी एक त्रास आहे. बोर्डो मिश्रणाची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाची, फवारणी झाली की वाऱ्याबरोबर उडालेले थेंब काचेवर वाळतात आणि निळसर-पांढरे ठिपके पडतात. मी ते पहाटे, काच थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसतो. तापलेल्या काचेवर गार पाणी कधीही टाकू नये. तुझ्याकडे बहुधा नुसती धूळच असेल. पॅनेल धरून ठेवणारे स्ट्रक्चर मी सातपूरच्या एका वेल्डरकडून करून घेतले आणि नटबोल्टखाली स्प्रिंग वॉशर घातले, कारण वळवाच्या पावसाआधीचा वारा पत्र्याखाली शिरला की सगळेच उचलू पाहतो.

संध्याकाळी फवारणीवरून परतलेली माणसे आता शेडमधल्या उजेडात हातपाय धुतात आणि टाकी कंदिलाशिवाय भरतात, हे पाहिले की मला फार समाधान वाटते. माघात एक-दोन दिवस सवड काढून येतो. येण्याआधी पॅनेल ते कंट्रोलर आणि कंट्रोलर ते बॅटरी, ही दोन अंतरे टेपने मोजून कळव, म्हणजे केबल मी येथूनच मोजून आणेन. वायरीच्या टोकाला जोडणी दाबून बसवायचे क्रिंपिंगचे हत्यारही माझ्याकडे आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद, आणि काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांग.

तुझा,
मोहन